तारांवरची साय

१

दत्तात्रेयाला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची, आणि ती लपवणं त्याला आयुष्यात कधी जमलं नाही. टपरीवर चहाचा ग्लास हातात आला की तो आधी रुमालाने कड पुसायचा, मग टपरीवाल्याच्या नखांकडे बघायचा, आणि निम्म्या वेळा चहा तसाच ठेवून उठायचा. रोह्याजवळ धाटावला ज्या कंपनीत तो पॅकिंगला होता तिथे सगळे एकाच साबणाने हात धुवायचे. हा महाराज घरून साबण न्यायचा, प्लास्टिकच्या डबीत. बायको शकू लग्नानंतर लवकरच म्हणाली होती, "तुमाला बायको नको होती, फिनेलची बाटली हवी होती."

असा माणूस हळदी-लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेलाच कसा, हे मला विचारू नका. बेस गिटार त्याला यायची, चांगली यायची, आणि बेसवाला मागे उभा असतो. नाचणाऱ्यांचा घाम त्याच्यापर्यंत उडत नाही. रोह्यात वाजवायचं काम मिळेना. पेणहून ऑर्केस्ट्रावाल्या हैबतरावांनी निरोप धाडला तेव्हा तो रविवारी मोटारसायकल काढून कोलाड, खांब, वडखळ करत पेणला जाऊन थडकला.

हैबतरावांचा बेसवाला बाबाजी त्या पावसाळ्यात वारला होता. खाडीकाठचा माणूस; दिवसा मिठागरावर राबायचा, संध्याकाळी बेस वाजवायचा. त्याची गिटार हैबतरावांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावर उशीची खोळ घालून.

"गिटार आजपासून तुझी," हैबतराव म्हणाले. "पण तारा बदलायच्या नाय. पुसायच्या पण नाय. बाबाजीनं बसवल्या तवापासून त्याच हायत."

तारा चपट्या होत्या. बेसच्या साध्या तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, बोट सरकवलं की खरखरते. चपट्या तारेवर पोलादाची पट्टी गुंडाळतात, म्हणून ती गुळगुळीत लागते. नवी असते तेव्हा चकचकीत, ताठ, आणि आवाज स्वयंपाकघरात भांडं पडावं तसा. मग महिन्यांमागून महिने बोटांचं तेल आणि घाम पट्टीच्या फटींत उतरत जातो. झणकार मरतो, आणि उरतो एक जाड, आखूड ठोका, जो कानाआधी पोटात ऐकू येतो. त्या ठोक्यासाठी काही बेसवाले वर्षानुवर्षं तारा बदलत नाहीत, हे दत्तात्रेयाला ऐकून माहीत होतं. इतक्या जुन्या तारांना हात मात्र त्याने पहिल्यांदाच लावला.

लावला आणि लगेच उचलला. तार ओलसर लागली होती, आणि कोमट. खोली पत्र्याची, बंद, बाहेर ऑक्टोबरचं ऊन. तापली असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण मग गिटारीचं लाकूड गार कसं होतं, हा विचार परतीच्या वाटेवर वडखळपर्यंत त्याच्या डोक्यातून गेला नाही.

२

पहिलंच काम गडब गावाकडच्या एका हळदीचं निघालं. त्या बाजूला एक रीत होती. नवऱ्याला हळद लागली की वाटीत उरलेली हळद वाजवणाऱ्यांच्या हाताला लावायची, आणि नवऱ्याची हळद उतरेपर्यंत वाजवणाऱ्यांनी हात धुवायचे नाहीत. सीताबाई नावाची म्हातारी वाटी घेऊन ऑर्केस्ट्राच्या रांगेतून फिरली. दत्तात्रेयाने हात मागे नेले तर तिने मनगट धरून पुढे ओढले आणि तेलातली हळद तळव्यांना, बोटांना चोळली.

"धुवू नको हां बाला," ती म्हणाली. "बाबाजीनं कदी धुतली नाय."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तारांवर नुसता बाबाजी नव्हता. या तालुक्यातल्या किती नवऱ्यांच्या अंगाची हळद, किती बायांच्या हातांचा घाम, सगळं बोटांवरून तारांवर गेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. त्याने दोन्ही हात अंगापासून लांब धरले. पण कीबोर्डवाल्याने गाणं धरलं आणि त्याला वाजवावंच लागलं.

आवाज मात्र असा आला की तो स्वतः चकित झाला. मऊ, भरदार, प्रत्येक ठोका एखाद्याने छातीतून हुंकार द्यावा तसा. नाचणारे जड पावलांनी जमिनीत शिरल्यासारखे नाचू लागले. मांडवाच्या खांबाला टेकलेला एक म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "बाबाजी वाजवतोय."

गाणं संपलं तेव्हा दत्तात्रेयाने बोटं पाहिली. हळदीखाली करड्या मळाच्या बारीक वळ्या जमल्या होत्या, न्हाताना मान चोळली की निघतात तशा. त्या त्याच्या नव्हत्या. तो सकाळीच दोनदा न्हाला होता. नवऱ्याची हळद अंगावर ओलीच होती, तरी हा मांडवामागे गेला, पाण्याच्या पिंपाजवळ बसला आणि डबीतला साबण संपेपर्यंत हात धूत राहिला. घरी आल्यावर जेवला तो चमच्याने.

३

शकू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. घरात विचारणारं कुणी नव्हतं. साध्या गोल तारा उकळल्या की मळ सुटतो आणि त्या नव्यासारख्या होतात, हे त्याला ठाऊक होतं. चपट्या तारांचं तसं असतं की नाही, हे त्याने कुणाला विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने चारही तारा सोडवल्या, वेटोळं करून पातेल्यात घातल्या आणि स्टोव्ह पेटवला.

पाणी आधी पिवळं झालं. ती हळद. मग गढूळ झालं. मग वर तवंग आला, आणि तवंगाखालून बारीक पापुद्रे वर येऊ लागले, उन्हाने सोललेल्या पाठीचे निघतात तसे. ते पाण्यात गोल फिरले, एकमेकांना चिकटले, आणि बघता बघता पातेल्यावर दुधावर धरते तशी जाड साय धरली. तिच्यावर सुरकुत्या पडत होत्या. दत्तात्रेय नाकाला रुमाल लावून बघत उभा होता. इतका मळ चार तारांत मावेल कसा, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं की वर्षानुवर्षांचा आहे, मावत असेल.

मग रुमालातून वास आला. कुजका नव्हता, कुजका असता तर बरं झालं असतं. रविवारी चुलीवर पायाचं सूप रटरटावं तसा, मिठाचा, मज्जेचा, खमंग वास होता तो, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

त्याने स्टोव्ह बंद केला. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती. पातेलं चिमट्याने उचलून त्याने सगळं मोरीत ओतलं. साय जाळीवर अडकली, जाईना. केरसुणीच्या काडीने त्याला ती ढोसून आत ढकलावी लागली. मागच्या गटारावर कावळे जमले आणि अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. पातेलं त्याने भंगारात दिलं.

तारा मात्र लख्ख निघाल्या होत्या, गार आणि कोरड्या. गिटारीवर चढवल्या तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालू लागला.

४

हैबतरावांनी पहिला सूर ऐकला आणि हातातलं पान खाली ठेवलं.

"काय केलंस?"

"धुतल्या," दत्तात्रेय म्हणाला. "फार मळ होता."

"ही बेस हाय का देवळातली घंटा? मेल्या, लोकं मला त्या आवाजासाठी बोलवतात!" हैबतराव बराच वेळ ओरडले, मग थकून खुर्चीत बसले. "आता एकच. घरी ने, रोज वाजव. वाजवून वाजवून आवाज परत आण. बाबाजीनं दिलं तसं तुझ्या हातांचं दे त्यांना."

हे शेवटचं वाक्य दत्तात्रेयाला आवडलं नाही, पण काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. रोज संध्याकाळी शिफ्टवरून आला की हात धुवून तो खिडकीशी बसायचा. शकू बाळाला घेऊन परत आली होती. मुलगी होती, घरात सगळे तिला बायो म्हणायचे. ती गोधडीवर पडून बापाच्या बोटांकडे बघायची. पहिल्या दिवशी त्याने तिच्या गालावर बोट फिरवलं होतं, आणि ज्याला परक्याच्या ग्लासाची शिसारी यायची त्याने तिची लाळ बोटावर तशीच वाळू दिली होती. आयुष्यात एवढी एकच ओली वस्तू त्याला घाण वाटली नाही.

जुना आवाज यायला वर्षं लागतात असं तो ऐकून होता. पण थोड्याच आठवड्यांत झणकार विझू लागला. तारा मऊ लागू लागल्या, आधी रेशमासारख्या, मग त्याहून मऊ. ठोका पोटात उतरू लागला. हैबतराव खूश झाले. पाठ थोपटून म्हणाले, "तुझा हात लवकर लागला. बाबाजीचा पण नव्हता एवढा."

कंपनीच्या गेटवर हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. एके दिवशी ते दत्तात्रेयाचा अंगठा घेईना. दुसरं बोट लावलं, तेही नाही. वॉचमन कान्हू त्याचा हात धरून उजेडात घेऊन गेला आणि म्हणाला, "तुला रेषाच नायत रं. पार घासल्यात."

कंपनीच्या डॉक्टरांनी पॅकिंगच्या पावडरवर खापर फोडलं आणि मलम दिलं. पॅकिंगवर तसं होतं खरं, दोघातिघांचं झालं होतं. दत्तात्रेयाला पटलं. पण त्या दोघातिघांची बोटं खडबडीत झाली होती. याची चमकत होती. तव्यावरची भाकरी त्याने हाताने उलटली आणि चटका बसलाच नाही. नळाचं पाणी गार की गरम, ते मनगटापर्यंत आल्यावर कळायचं. आणि बायोला उचललं की ती अंग चोरून किंचाळायची.

"हात गार हायत तुमचे," शकू पोरीला काढून घेत म्हणायची. "पोलादाच्या पट्टीसारखे लागतात. नका लावू तिला."

तो गालावर बोट टेकवायचा आणि काही कळायचं नाही. गाल होता की भिंत होती, काही नाही. एका रात्री तो मोरीत उभा राहून रडला. पोरगी वाढणार, आणि आपल्या हाताला ती कधीच लागणार नाही, याचं त्याला भयंकर वाटलं. किळस, भीती, सगळं त्यापुढे थिटं होतं.

५

बाबाजीची बायको गिरजाबाई पेणच्या पलीकडे, खाडीच्या बांधाजवळ राहायची. पुढच्या रविवारी सकाळी तो तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. सांगितलं, की बाबाजींची गिटार माझ्याकडे आहे. तिने पाट दिला, पाणी दिलं. पाण्याचा तांब्या घ्यायला त्याने हात पुढे केला तेव्हा तिची नजर बोटांवर गेली.

"एवढ्या लवकर?" ती म्हणाली.

"त्यांचीही अशीच झाली होती?"

"शेवटला झाली व्हती. त्यांना लय वर्सं लागली." ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. "मी हात धरला तर समजायचं नाय त्यांना. निखारा उचलतील, नाय समजायचं. पन त्या गिटारीला मला फडकं लावू द्यायचे नाय. एकदा ते भायेर बांधावर व्हते, मी आत तारा पुसल्या जोरात. तितून वरडले. हलकं पूस गो, म्हनून."

"आवाज ऐकला असेल तारांचा."

"बांधावरनं?" ती म्हणाली.

दत्तात्रेयाला वाटलं, हिला सगळं सांगून टाकावं, म्हणजे ही काहीतरी उपाय सांगेल. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला त्या मळाची किळस आली. मी तारा उकळल्या."

गिरजाबाईने पदर तोंडावर दाबला. तशीच उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि वाकून उमासे देत राहिली. परत आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ते पानी कुटं ओतलंस?" तिने विचारलं.

त्याला खोटं सुचलं नाही. "मोरीत."

तिने त्याच्या पुढ्यातला तांब्या उचलला, पाणी अंगणात फेकलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

६

घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं. तारा कापायच्या. काम गेलं तर गेलं, हैबतराव बोंबलले तर बोंबलोत. दुपार झाली होती. शकू आत भाकऱ्या थापत होती. बायो आता रांगायची, दात येत होते, दिसेल ते तोंडात घालायची. तिने जमिनीवर लाळेचा ओघळ काढून ठेवला होता. दत्तात्रेयाने मोटारसायकलची पक्कड आणली आणि गिटार खिडकीखाली चटईवर आडवी घातली.

ऊन थेट तारांवर पडत होतं. जाड तारेवर पट्टीचे वेढे एकाला एक लागून सरळ असायला हवेत. त्याने वाकून पाहिलं. ते सरळ नव्हते. एका जागी ते वळले होते, एकात एक, गोल गोल, मधे लहानसा भोवरा. हा आकार त्याच्या ओळखीचा होता. गेटवरचं मशीन रोज तोच मागत होतं. रेषांच्या मधे घामाचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब उभे होते. त्याने नखाने दाबलं. ती जागा पांढरी पडली, आणि नख काढल्यावर हळूहळू तिथे पुन्हा रंग भरला.

त्याने डोळे दुसरीकडे केले आणि अंदाजानेच पक्कड तारेवर लावली. जराशीच दाबली असेल. अंगठ्यात कळ गेली, लखलखीत, डोक्यापर्यंत. गेले कित्येक महिने त्या अंगठ्याला निखारासुद्धा कळला नसता. पकडीच्या दांड्यांत सापडला असेल, असं तो पुटपुटला. पण त्याचा अंगठा सांध्यापासून चार बोटं लांब होता.

पक्कड टाकून तो मोरीकडे पळाला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. जाळीशी तोंड नेल्यावर त्याला तोच खमंग वास आला आणि तो पुन्हा ओकला. मग त्याने नळ सोडला आणि हात धुऊ लागला. पाणी दिसत होतं, लागत नव्हतं.

तेवढ्यात बोटांना काहीतरी लागलं.

त्याने हात पाण्याखालून काढले. हातात काही नव्हतं. पण काहीतरी इवलंसं, चिकट, गरम, त्याच्या बोटाभोवती मिटलं होतं आणि ओढत होतं. ही मूठ तो विसरला नव्हता. माहेरून आली त्या दिवशी तिने त्याचं बोट असंच धरलं होतं.

मोरीच्या दारातून बाहेरची खोली दिसायची. बायो गिटारीपाशी बसली होती. जाड तार तिने दोन्ही हातांनी धरली होती. ती ओणवी झाली आणि तिने तार तोंडात घेतली.

आधी त्याच्या बोटांना ओठ लागले. मग हिरड्या, आणि खालच्या हिरडीत तो टणक ठिपका, जिथून दात वर येत होता. मग जीभ. त्या तारेवर काय काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, त्याने ते पातेल्यात तरंगताना पाहिलं होतं. पाय पुढे टाकायचा म्हणून त्याने उचलला आणि तो तिथेच खाली ठेवला. बायो मिटल्या डोळ्यांनी चोखत होती, मधेच थांबून गिळत होती, आणि पुन्हा चोखत होती. दत्तात्रेयाचे दोन्ही हात अंगापासून लांब लोंबत होते, बोटं जराशी वाकली होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

शकू पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अगो बाई! अहो, काय बघताय? ती घाण तोंडात घालतेय ती! उचला ना तिला!"

"राहू दे," तो म्हणाला. "जरा राहू दे गो."